डावी मूठ

माझा धाकटा भाऊ १९७१ च्या आषाढातला. आम्ही तेव्हा बडोद्याला, दांडिया बाजारातल्या वाड्यात राहत होतो. मी ९ वर्षांची.

बाळाला तेल लावायला एक गुजराती बेन यायची. दिवाळी झाल्यावर एक दिवस ती आईला म्हणाली, "बेन, आनी डाबी मुठ्ठी खूलती नथी." उजवी मूठ तेलाच्या हातानं आपसूक सुटायची, डावीची बोटं मात्र तिला रोज एकेक करून उलगडावी लागत होती. आजी म्हणाली, "अगं, मुठीत नशीब घेऊन आलाय, जपतोय!" सगळे हसले.

संक्रांतीला बोरन्हाण झालं. आजीच्या मांडीवर बसून बाळ प्रत्येक बोर उजव्याच हातानं धरायला बघत होता. काका कौतुकानं म्हणाले, "पक्का उजवा आहे!" आई गप्प होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर आलं, "मुलगे जरा मागेच असतात, धीर धरा." आईनं धीर धरला.

आता कळतं, की वर्षाच्या आत मूल एकच हात वापरू लागलं तर त्यात कौतुकासारखं काही नसतं. दुसरा हात काहीतरी सांगत असतो.

भाऊ चालला तो थेट १९७३ च्या होळीला, तोही डाव्या पायाची टाच न टेकवता. वाड्यातल्या एक ताई विद्यापीठात होम सायन्सला होत्या. त्यांनी एका दुपारी वही काढून आईला समोर बसवलं. मान कधी धरली? उपडा कधी पडला? टेकूशिवाय कधी बसला? आईला एक तारीख सांगता येईना, पण सण पाठ होते. मान दिवाळीत, उपडा संक्रांतीच्या आगेमागे, बसला तो अक्षय्य तृतीयेला. ताईंनी सणांचे महिने केले. मग बाळाचा उजवा हात हलकेच धरून समोर चेंडू नेला. तो रडला, पण डावा हात पुढे आला नाही.

ताईंनी आजाराचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काकू, हे दाखवायलाच हवं, उद्याच." पुढे कळलं, जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूला इजा झाली होती. मग हाताचे-पायाचे व्यायाम सुरू झाले.

ताईंच्या त्या वहीमागे आपल्या बडोद्याचीच एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. तिथल्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांची अमेरिकन मोजपट्टी घेऊन इथली बाळं तपासली. हालचालींच्या ६७ आणि समज-बोलण्याच्या १६३ गोष्टी, वय अडीच वर्षांपर्यंत. कोणती गोष्ट निम्मी बाळं कितव्या महिन्यात करतात, जवळजवळ सगळी कधी करतात, हे मांडलं. १९७० च्या सुमारास आलेली ही कोष्टकं 'बडोदा नॉर्म्स' म्हणून देशभर ओळखली जातात. आमच्या घरी 'होईल हळूहळू' चाललं होतं, तेव्हा 'हळूहळू' म्हणजे किती, याचं उत्तर आमच्याच गावात तयार होतं!

पण २३० गोष्टी तपासायला वेळ लागतो आणि शिकलेला माणूस लागतो. म्हणून १९९१ मध्ये फाटक आणि खुराना यांनी बडोद्याची छोटी चाळणी केली. त्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रानं बडोद्याच्या कोष्टकातल्या फक्त १७ गोष्टी घेऊन तक्ता काढला. बाळाच्या वयाच्या महिन्यावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडे संपलेली एखादी गोष्ट बाळ करत नसेल, तर पुढे तपासायचं. पाच-सात मिनिटांचं काम, अंगणवाडीताईलाही जमणारं. चाळणीत अडकलं म्हणजे आजार ठरला असं नाही. मोठी तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

तक्ता तरी काय विचारतो? आवाजाकडे मान वळवतो का, टाळ्या वाजवतो का, दोन शब्द बोलतो का. हे पाहणारी माणसं घरातच असतात. आमच्याकडे सर्वांत आधी पाहिलं ते तेल लावणाऱ्या बेननं. तिच्या हाताला कळलं होतं, ते आईलाही पटलं होतं. विचारणारं आणि ऐकून घेणारं माणूस तेवढं १६ महिने उशिरा भेटलं.

भाऊ शिकला, नोकरी केली, आता निवृत्त आहे. डावा हात आजही पुरता उघडत नाही. लवकर व्यायाम सुरू झाले असते तर किती फरक पडला असता, ते कोणालाच सांगता येणार नाही. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "त्या बेननं सांगितलं होतं गं."

आता नातीला न्हाऊ घालायला बाई येते. ती गेली की मी रोज विचारते, "काय गं, आज काही वेगळं जाणवलं?" सून हसते. हसू दे.

तुमच्या घरातही असं पहिल्यांदा ओळखणारं कोणी असेल, तर त्यांची आठवण जरूर सांगा.