पहिलं सुवर्ण कुणाचं?

कॉलेजच्या क्विझमध्ये मला विचारलं होतं, ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कुणाचं? मी लगेच बझर दाबला: अभिनव बिंद्रा, २००८. टाळ्या मिळाल्या. पण पॅरालिंपिकमधलं विचारलं असतं, तर मी गप्पच बसलो असतो.

ती गोष्ट इंग्लंडमधून सुरू होते. १९४४ साली स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे कण्याला इजा झालेले सैनिक आले. असे रुग्ण फार जगत नाहीत, असंच तेव्हा धरून चालायचे. बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानं माणसं जायची. गुटमान यांनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, आणि मग हातात धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, १६ जणांनी तिथं तिरंदाजी केली. त्यातूनच पुढं पॅरालिंपिक उभं राहिलं.

१९७२ ची पॅरालिंपिक जर्मनीत, हायडेलबर्गला झाली. नाझी राजवटीत ज्यू म्हणून गुटमान यांना जो देश सोडावा लागला, तोच हा देश. तिथं सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर पाण्यात उतरले. लष्करात बॉक्सिंग करणारा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला होता. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम आणि सुवर्ण!

पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे ४६ वर्षांनी. सुवर्ण जिंकायला ३७ सेकंद पुरले, आपल्याला दखल घ्यायला अर्धं आयुष्य लागलं. पुढच्या क्विझमध्ये हा प्रश्न तुम्हीच विचारा.