मांडीवरच्या गिटारचा ॲम्प

माझ्याकडे गिटारी दोन आणि घरात जागा एकाच ॲम्पपुरती. एक गिटार नेहमीची, खांद्याला पट्टा अडकवून वाजवायची. दुसरी मामाकडून आलेली, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची स्टील गिटार. दोघींना चालेल असा एकच ॲम्प घ्यावा म्हणून काही महिने मी दुकानं पालथी घालत होतो. शेवटी ज्यांच्याकडे माझ्या वायरी डागून घेतो त्या जुन्या मेकॅनिककाकांना विचारलं. त्यांनी सोल्डरिंगवरून मान वर न करताच विचारलं, “कुठली आहे? स्पॅनिश की हवाइयन?”

स्पॅनिश! हा शब्द बऱ्याच वर्षांनी कानावर पडला. पूर्वी क्लासच्या पाट्यांवर तो असायचा, ‘येथे स्पॅनिश व हवाइयन गिटार शिकवली जाईल’. ही आपल्याकडची जुनी बोली असावी असं मी धरून चाललो होतो. पण त्याच दिवशी काकांच्या टेबलावर दुरुस्तीला आलेली एक गिब्सन पडली होती. एफ आकाराच्या छेदातून आत पाहिलं की लेबल दिसतं. त्यावर मॉडेलचं नाव होतं, ईएस-335. ही दोन अक्षरं मी कित्येकदा पाहिली होती, पण त्यांचा अर्थ शोधावा असं कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री शोधला. ईएस म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. काकांचा शब्द 1958 साली बाजारात आलेल्या त्या अमेरिकन गिटारच्या नावात जसाच्या तसा बसलेला होता.

एखाद्या वस्तूच्या नावात मुद्दाम ‘स्पॅनिश’ घालावं लागतं, त्याअर्थी शेजारी दुसरी कुणीतरी उभी असणार. तशी ती होतीच, आणि ती थोरली होती. गिब्सनने 1935 च्या सुमारास विजेवरची पहिली गिटार काढली ती ईएच-150, म्हणजे ‘इलेक्ट्रिक हवाइयन’. 150 हा आकडा किमतीचा, गिटार, ॲम्प आणि वायर मिळून दीडशे डॉलर. तिच्या पाठोपाठ 1936 मध्ये ईएस-150 आली. माझी सगळी कथा ज्यावर उभी आहे तो दुवा इथेच आहे. ओक्लाहोमात वाढलेला चार्ली ख्रिश्चन 1939 च्या ऑगस्टमध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला, आणि विजेवरची गिटार स्वतंत्र सूर लावू शकते हे जॅझच्या श्रोत्यांना पहिल्यांदा पटलं. 1942 मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या हातात ईएस-150 होती हे सगळे सांगतात. ती जोडलेली असायची तो ॲम्प मात्र ईएच-150, नावानेच हवाइयन. विजेवरच्या नेहमीच्या गिटारचा पहिला मोठा कलावंत मांडीवरच्या गिटारसाठी बांधलेल्या ॲम्पमधून ऐकू आला.

म्हणजे मी जो प्रश्न घेऊन दुकानोदुकानी फिरत होतो तो उलटा होता. ‘हा ॲम्प स्टील गिटारलाही चालेल का?’ असं मी विचारत होतो. तो मुळात स्टीलचाच होता. नेहमीची गिटार त्यात पाहुणी म्हणून आली.

हवाइयन गिटारचा आधीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूने 1885 ते 1889 च्या दरम्यान कधीतरी रुळांजवळ सापडलेला लोखंडी बोल्ट तारांवरून सरकवला, नादाला लागला आणि पुढे हे तंत्र घेऊन अमेरिकाभर फिरला. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनातल्या हवाई दालनाने सगळ्या देशाला या सुरांचं वेड लावलं.

एका वादावर मात्र थांबायलाच हवं, कारण तो आपल्या अंगणात येतो. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक तरुण केकुकूच्याही आधी, 1884 च्या सुमारास, होनोलुलूत अशी सरकती गिटार वाजवत होता अशी आठवण नोंदली गेली आहे. हा डेव्हियन जन्माने भारतीय, खलाशांनी पळवून नेलेला, असं म्हणतात. विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्यम ही दोन्ही वाद्यं तारांवरून गुळगुळीत वस्तू सरकवूनच वाजतात. त्यामुळे स्टील गिटार मूळची आपलीच, असं म्हणायचा मोह कुणालाही होईल. मलाही झाला. पण तो मी बाजूला ठेवला, आणि त्याचं कारण आहे. डेव्हियनने वीणा ऐकली होती की नाही, यावर एका आठवणीपलीकडे काहीच हाती लागत नाही. शिवाय तारांवरून काहीतरी सरकवणं ही स्टील गिटारची निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे कांडी खालच्या पडद्यांना लागू नये म्हणून उचललेल्या तारा, आणि आतड्याच्या तारांच्या जागी चढवलेल्या पोलादी तारा. हे रूप केकुकूच्या नावावर आहे, आणि माझं मत त्याच्याच पारड्यात. हवाइयन भाषेत या वाद्याला ‘कीकाकिला’ म्हणतात. कीका म्हणजे गिटार आणि किला म्हणजे पोलाद. त्या भाषेत स आणि ट हे वर्ण नाहीत, म्हणून ‘स्टील’चं ‘किला’ झालं. गिटार पोलादाची नसून कांडी पोलादाची आहे, आणि नाव पडलं ते कांडीवरून.

हे पोलाद पुढे निर्णायक ठरलं. 1931 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ या हवाइयन गिटार वाजवणाऱ्याने नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक आणि त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असा, तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप तयार केला. लाकडाचा नमुना हॅरी वॉटसनने कोरला आणि विक्रीसाठी ती गिटार ॲल्युमिनियममध्ये ओतली गेली. गोल पोट आणि लांब दांडा, म्हणून तिचं नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’. ॲडॉल्फ रिकनबॅकर भागीदार होता. 1932 मध्ये ती बाजारात आली, सोबत ॲम्प. पेटंट कचेरीला हे वाद्य वाजतं यावर विश्वास बसेना, तेव्हा सोल होओपिईसारख्या वादकांना तिथे पाठवून वाजवून दाखवावं लागलं. पेटंट हाती आलं ते 1937 मध्ये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. ॲम्प काही गिटारवाल्यांनी शोधलेला नाही. ली डी फॉरेस्टची ऑडियन नळी 1906 ची, राइस आणि केलॉग यांचा आजच्या धाटणीचा लाउडस्पीकर 1925 चा. हे सगळं रेडिओ आणि सिनेमाने वाढवलं. शिकागोच्या स्ट्रॉमबर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने तर 1928 मध्येच विजेची वाद्यं जाहीर केली होती. मग हवाइयन गिटार ही फक्त रांगेत पहिली आलेली गिऱ्हाईक म्हणायची का?

मला तसं वाटत नाही. गिऱ्हाईक पहिलं का आलं याला कारणं आहेत आणि तिन्ही त्या वाद्याच्या अंगातच आहेत. पहिलं कारण तार. चुंबकाच्या पिकअपखाली आतड्याची तार मुकी असते, पोलादीच बोलते. पोलादी तारांची सवय अमेरिकेला लागली ती मोठ्या प्रमाणावर हवाइयन संगीतामुळे. मार्टिनसारख्या जुन्या कंपनीने नियमितपणे पोलादी तारा लावलेलं पहिलं मॉडेल काढलं ते त्या लाटेत, 1922 साली. दुसरं कारण दिशा. गिटार मांडीवर आडवी ठेवली की तिचं तोंड छताकडे होतं आणि आवाज श्रोत्यांच्या डोक्यावरून जातो. त्यातून ती सूर लावणारी, साथ करणारी नव्हे, म्हणजे ऐकू येणं तिला सगळ्यात जास्त गरजेचं. तिसरं कारण पोकळी. पोकळ लाकडी गिटार ॲम्पसमोर नेली की घुमून शिट्टी मारते. मांडीवरच्या गिटारला पोकळीची गरजच नव्हती, भरीव धातूचा तुकडाही पुरला. रिकनबॅकरच्या कंपनीने 1932 मध्ये स्पॅनिश नमुनाही काढला होता, पण बाजाराने उचलली ती फ्राइंग पॅन.

आता विचिटाचा गेज ब्रूअर. कॅन्सस राज्यातल्या या वाद्यवृंदवाल्याने 1932 च्या ऑक्टोबरअखेरीस विजेची गिटार लोकांसमोर वाजवली. अशा जाहीर वादनाची नोंद सापडते ती इथपासून. त्याच्याकडे बोशाँकडून आलेल्या दोन गिटारी होत्या, एक हवाइयन आणि एक स्पॅनिश. त्याने दोन्ही एकाच ॲम्पला आलटून पालटून जोडल्या असाव्यात, असा माझा निव्वळ अंदाज आहे. त्या मंदीच्या वर्षात दुसरा ॲम्प कोण विकत घेणार? तसं असेल तर माझ्या घरातला पेच नोंद सापडणाऱ्या पहिल्या मैफिलीतच सुटलेला होता.

फेंडरचं घराणंही याच मुळाचं आहे, हे कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. 1945 मध्ये डॉक कॉफमनबरोबर त्याने काढलेल्या के अँड एफ कंपनीचा माल म्हणजे लॅप स्टील, म्हणजे मांडीवरचीच गिटार, आणि तिच्या जोडीचा ॲम्प. आज ज्यांना आपण गिटारचे ॲम्प म्हणून ओळखतो ते ‘प्रिन्सटन’ आणि ‘चॅम्प’ हे स्टील शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोडसंचातून आले. ‘चॅम्पियन’ नावाची लॅप स्टील, तिचा ॲम्प चॅम्पियन, आणि त्याचं आखूड रूप चॅम्प. फेंडरच्या टेलिकास्टर या नेहमीच्या गिटारचा घोडीजवळचा खणखणीत पिकअपसुद्धा चॅम्पियन स्टीलच्या पिकअपचा सख्खा वारस आहे.

फेंडरचा तो काचेसारखा स्वच्छ आवाज कुठून आला यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, लिओ रेडिओवाला, आवाज फाटला की त्याच्या लेखी तो बिघाड. दुसरं मत माझं. लिओभोवती वेस्टर्न स्विंगचे स्टीलवादक होते, लिऑन मॅकॉलिफ, नोएल बॉग्ज. त्यांच्याकडून तो ॲम्प तपासून घ्यायचा. स्टीलवादक सुरांच्या मधल्या जागा सरकत वाजवतो. आवाज फाटला तर त्या जागा चिखलात जातात. हा स्वच्छपणा स्टीलच्या कानाने मागून घेतलेला आहे.

वाटा फुटल्या त्या नंतर. वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने पायाच्या पेडलने तारांचा ताण बदलत वाजवलं. 1954 मध्ये ते गाजलं आणि पेडल स्टीलचं युग सुरू झालं. हा वादक उजव्या पायाखाली आवाजाचं पेडल ठेवतो. सूर छेडताना ते अर्धंच उघडं असतं. सूर विरायला लागला की तो पाय हळूहळू दाबत जातो, म्हणून सूर लांबतो, रडल्यासारखा. त्यासाठी ॲम्पमध्ये बरीच ताकद शिल्लक लागते. फेंडरचा 85 वॅटचा ट्विन रिव्हर्ब पेडल स्टीलवाल्यांनी उचलला, अनेकांनी मोठे 15 इंची स्पीकर आपलेसे केले, कारण कांडीचे वरचे सूर छोट्या स्पीकरमधून टोचतात. 1970 च्या दशकात पीव्ही कंपनीने खास त्यांच्यासाठी 200 वॅटचा सेशन 400 काढला. नेहमीच्या गिटारने नेमकी उलटी वाट धरली. तिला फाटलेला आवाजच गोड लागला आणि छोटा ॲम्प पूर्ण पिळून काढणं हे तिचं सौंदर्यशास्त्र झालं. एकाच घरातल्या दोन बहिणी एकमेकींच्या ताटातलं खाईनाशा झाल्या.

आपल्याकडे मात्र जुनं नातं टिकलं. हवाइयन वादक ताऊ मो 1940 च्या दशकात सहकुटुंब कोलकात्यात राहिला, तिथे त्याच्यापासून एक परंपरा उभी राहिली. मुंबईत हजारा सिंग आणि व्हॅन शिपली यांनी, कोलकात्यात सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या चाली वाजवल्या. त्यांच्या रेकॉर्डींवर ‘इलेक्ट्रिक गिटार’ असं छापलेलं असे आणि आत वाजत असे ती कांडीची गिटार. मामाची गिटार त्याच काळातली.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. काकांच्या दुकानात दोन ॲम्प लावून पाहिले. 15 वॅटच्या छोट्या ॲम्पवर नेहमीची गिटार बहरली, पण मामाची गिटार लावून पेडल दाबलं तसा सूर लांबायच्या ऐवजी चुरगळला. मग 15 इंची स्पीकरचा मोठा ॲम्प. त्यावर कांडी सरकवली तेव्हा शेवटच्या थेंबापर्यंत सूर ऐकू आला. नेहमीची गिटार त्यात थोडी कोरडी लागली. काकांनी मधल्या पट्टीचं बटण वर केलं आणि पुढे एक ओव्हरड्राइव्हचं पेडल जोडलं, ती लगेच खुलली. स्टीलसाठी तेच बटण आठशे हर्ट्झच्या आसपास खाली आणायचं, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

तुमच्याकडेही दोन्ही गिटारी असतील आणि जागा एकाच ॲम्पची, तर ॲम्प मांडीवरच्या गिटारच्या मापाने घ्या. स्वच्छ ॲम्पला फाटका आवाज पेडलने देता येतो, फाटणाऱ्या ॲम्पला स्वच्छ आवाज कुठलंही पेडल देत नाही. दुकानात जाताना स्टील आणि आवाजाचं पेडल बरोबर न्या, आणि पहिली वायर स्टीलचीच जोडा.