माहूलचे तेल-कारखाने : स्वामित्व आणि स्थान

तेल-उद्योगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा करार, किमती आणि स्वामित्व यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. या उद्योगाने भूमीवर जे उभारले, म्हणजे धक्के, नळमार्ग, साठवणीच्या टाक्या व शुद्धीकरणाचे कारखाने, त्यांच्या स्थानाचा विचार मागे पडतो. मुंबई उपनगरातील माहूलचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१९५१ साली इराणने आपल्या तेल-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने स्टँडर्ड-व्हॅक्यूम व बर्मा-शेल या कंपन्यांशी करार केले आणि त्यांचे कारखाने माहूल येथे अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाले. कच्चे तेल परदेशातून जहाजांनी यावयाचे होते. त्यामुळे बंदरातील बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, धक्का, तेथून समुद्रतळावरील नळमार्ग, किनाऱ्यावर टाक्या आणि त्यांच्यालगत कारखाने अशी साखळी सिद्ध झाली. मुंबईची दाट वस्ती त्या काळी या किनाऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती. परंतु माहूलचे कोळी तेथे आधीपासूनच राहत होते.

पुढे स्वामित्व पालटले. पहिला कारखाना एस्सोकडून १९७४ मध्ये, तर बर्मा-शेलचा १९७६ मध्ये शासनाकडे आला. तेलाचा उगमही पालटला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय येथे तेल शोधले, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादनास आरंभ झाला आणि १९७८ मध्ये तेथील तेल नळमार्गाने उरणमार्गे ट्रॉम्बेस येऊ लागले. स्थान मात्र पालटले नाही. नवा नळमार्गही जुन्याच टाक्यांपाशी आला. याचे कारण या सोयींच्या परस्परावलंबनात आहे. धक्क्यावाचून टाकी, टाकीवाचून कारखाना निरुपयोगी. म्हणून साखळीतील एकच दुवा हलविणे दुष्कर ठरते.

मधल्या काळात शहर कारखान्यांना येऊन भिडले. इतरत्र विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाच्या इमारतीही येथेच उठल्या. माहूल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तेथील हवेचे प्रदूषण आरोग्यास धोकादायक असल्याचा निर्वाळा दिला.

सारांश, करार संपले आणि कंपन्यांची नावे गेली, तरी स्थानाविषयीचा निर्णय अद्याप अमलात आहे. राष्ट्रीयीकरणाने नफा कोणाचा हा प्रश्न सोडविला. धूर कोणाच्या वाट्यास येतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. उद्योगांच्या इतिहासाने त्याचीही नोंद घेतली पाहिजे.