मॅट्रिकचा उतारा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा भरली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीतले उत्तीर्ण विद्यार्थी होत. हीच परीक्षा पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने घरोघर परिचित झाली.

हॉवर्डसाहेबांच्या इंग्रजी वाचनमालेपासून आरंभ करून या परीक्षेपर्यंत पोचू पाहणारा, ज्याच्या घरी इंग्रजीचे अक्षरही कोणास ओळखता येत नसे असा तालुक्याच्या गावचा मुलगा वहीत तीन रकाने आखी: पहिल्यात शब्द, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात मराठी अर्थ, आणि अडलेला शब्द मोल्सवर्थ-कँडींच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात, त्याही बहुधा मास्तरांच्या मेजावरच्या, हुडकून काढी. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने त्याला इंग्रजी वाक्यरचनेची तालीम दिली. संस्कृतची दिली ती भांडारकरांच्याच दोन पुस्तकांनी, म्हणजे त्याच परीक्षेतून पार पडलेल्या विद्वानाने मागून येणाऱ्यांसाठी वाट बांधून ठेवली होती.

खरी कसोटी उताऱ्याची. इंग्रजी कवितेच्या काही ओळी देऊन त्यांचा आशय सुबोध गद्यात, स्वतःच्या शब्दांत लिहावयास सांगितला म्हणजे, ज्याने बर्फ पाहिले नाही, चंडोलाखेरीज त्या कवितांतला गाणारा पक्षी ऐकला नाही, त्या मुलाला शब्दार्थांच्या पलीकडे जाऊन एक अख्खा परका ऋतू मनात उभा करावा लागे. अशा मुलांच्या पाठांतराची निंदा पुष्कळांनी केली आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण ज्याला इंग्रजी ऐकवावयास कोणी नव्हते त्याला पाठांतराखेरीज दुसरा गुरू कोठून मिळणार होता?