कचऱ्याचा हिशेब: पालिकांच्या अहवालांची दीडशे वर्षे

शहरात रोज किती कचरा निघतो, त्यातला किती उचलला जातो आणि पुढे त्याचे काय होते, हे दरवर्षी ठरावीक नमुन्यात सरकारला कळवणे भारतातील नगरपालिका व महानगरपालिकांना २००० सालच्या नियमांनी बंधनकारक झाले. त्याआधी शतकाहून अधिक काळ पालिका सरकारकडे अहवाल पाठवतच होत्या. मात्र त्यांत कचरा येई तो खर्चाची बाब म्हणून, रोगाचे कारण म्हणून किंवा खताचा कच्चा माल म्हणून. सरकारला ज्या कामासाठी आकडा हवा असे, त्या कामापुरताच तो मोजला गेला. मुंबई इलाखा आणि पुढचे महाराष्ट्र राज्य यांच्या कारभारातून हे स्पष्ट दिसते.

मुंबईत १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले आणि आर्थर क्रॉफर्ड पहिले कमिशनर झाले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने रस्ते झाडणे, कचरा आणि मैला उचलणे व त्यांची विल्हेवाट लावणे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली. कमिशनरच्या वार्षिक प्रशासन अहवालात सफाई खात्यावरील खर्च, नेमलेली माणसे, गाड्या आणि बैल यांची माहिती असे. कचऱ्याचे परिमाण द्यायचे झाले, तर ते गाड्यांच्या खेपांत दिले जाई.

मुंबईबाहेर परिस्थिती याहून साधी होती. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर आणि मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा, १९०१ नुसार इलाख्यात नगरपालिकांचा विस्तार झाला. त्यांचे अहवाल जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त यांच्यामार्फत वर जात आणि सरकार त्यांवर वार्षिक आढाव्याचा ठराव प्रसिद्ध करी. या आढाव्यांचा विषय प्रामुख्याने कर आणि खर्च हा असे. जकात किती आली, घरपट्टीची थकबाकी किती, सफाईवर उत्पन्नाचा किती हिस्सा गेला, हे सरकार विचारत होते. गावाबाहेर टाकलेल्या ढिगाचे वजन विचारण्याचे त्याला कारण नव्हते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आढळला आणि सफाईच्या नोंदींना वेगळे वजन आले. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले. इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरकडे जाणाऱ्या अहवालांत जन्म-मृत्यू आणि साथी यांच्या जोडीने शहरांच्या स्वच्छतेचे वर्णन येई. मृत्यू बारकाईने मोजले जात, कचऱ्याबद्दल मात्र ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ असे शेरे पुरत. दरम्यान मुंबईने आपला कचरा रेल्वेने चेंबूरच्या दलदलीकडे न्यायला सुरुवात केली होती. १९२७ पासून देवनारची क्षेपणभूमी वापरात आली. कचरा शहराच्या हद्दीबाहेर गेला की तो नजरेतून आणि बहुतांशी कागदातूनही जात असे.

पुढच्या टप्प्यावर शेतीने हा आकडा मागितला. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्ट करण्याची पद्धत विकसित केली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा व मैला यांसाठी बंगळूर पद्धत आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाईमुळे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली आणि नगरपालिकांनी कचऱ्याचे खत करून शेतकऱ्यांना विकावे यावर भर दिला गेला. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांमध्ये शहरी कंपोस्टच्या उत्पादनाचे आकडे टनांत येऊ लागले. म्हणजे वजन आले, पण ते तयार झालेल्या खताचे होते. १९७५ मध्ये बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहरी कचऱ्याविषयी अहवाल दिला. त्याच दशकात मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प उभारले गेले. मिश्र कचऱ्यात काच आणि प्लास्टिक येत राहिले, खताला उठाव मिळेना, आणि बहुतेक प्रकल्प मागे पडले.

कचऱ्यात काय असते याचा शास्त्रीय शोध पालिकांपेक्षा संशोधन संस्थांनी घेतला. त्यात नागपूरची नीरी ही संस्था अग्रणी होती. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अनेक शहरांतील कचऱ्याचे नमुने तपासले आणि त्यातील ओला भाग, कागद, माती, राख यांचे प्रमाण ठरवले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी तिने २००४-०५ मध्ये ३५ महानगरे आणि २४ राज्य राजधान्या अशा ५९ शहरांचे सर्वेक्षण केले. ज्या शहरांकडे स्वतःचे मोजमाप नव्हते, त्यांनी पुढे अशा सर्वेक्षणांतील दरडोई प्रमाणाला लोकसंख्येने गुणून आपला आकडा काढला.

१९९० च्या दशकात चित्र बदलले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घनकचरा व्यवस्थापन बाराव्या अनुसूचीत घातले. महाराष्ट्रात महानगरपालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा, अशी तरतूद कायद्यात झाली. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली आणि शहरांच्या अस्वच्छतेची देशभर चर्चा झाली. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने नेमलेल्या असीम बर्मन समितीने १९९९ मध्ये अहवाल दिला, आणि २५ सप्टेंबर २००० रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नागरी घनकचरा नियम अधिसूचित झाले.

या नियमांनी अहवालाची साखळी आखून दिली. पालिकेने ३० जूनपर्यंत ठरावीक नमुन्यात माहिती भरायची. महानगर असेल तर ती नगरविकास सचिवांकडे, इतर शहरांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायची. राज्य मंडळाने १५ सप्टेंबरपर्यंत केंद्रीय मंडळाला आणि केंद्रीय मंडळाने १५ डिसेंबरपर्यंत केंद्र सरकारला एकत्रित आढावा द्यायचा. निर्माण झालेला, गोळा केलेला, प्रक्रिया केलेला आणि क्षेपणभूमीवर टाकलेला कचरा असे रकाने प्रथमच सर्व शहरांसाठी सारखे झाले. प्रक्रिया प्रकल्प उभारण्यासाठी २००३ अखेरची मुदत होती. ती बहुसंख्य शहरांना पाळता आली नाही. अहवालही अनेक ठिकाणांहून उशिरा आले किंवा आलेच नाहीत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००८ मध्ये देशातील कचरा व्यवस्थापनाचे कामगिरी लेखापरीक्षण केले, तेव्हा कचऱ्याच्या परिमाणाचा नीट अंदाजच घेतलेला नसल्यावर बोट ठेवले.

यामागचे कारण आकडा तयार होण्याच्या पद्धतीत होते. नगरपरिषदेच्या स्वच्छता निरीक्षकाकडे घंटागाडी, ट्रॅक्टर आणि डंपर यांच्या खेपांची वही असते. कचरा डेपोवर वजनकाटा नसेल, तर गाडीची क्षमता आणि खेपांची संख्या यांचा गुणाकार करून टन काढले जातात. गाडी अर्धी भरलेली असली तरी पूर्ण धरली जाते. पावसाळ्यातला भिजलेला कचरा आणि उन्हाळ्यातला कोरडा कचरा यांच्या वजनातला फरक या गुणाकारात दिसत नाही. वजनकाटा बसला तरी प्रश्न संपत नाही. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर गाडीत माती किंवा राडारोडा भरून वजन वाढवण्याचा मोह राहतो. मुंबईच्या कचऱ्याचा अधिकृत आकडा २०१० च्या दशकाच्या मध्यास रोज ९,००० टनांच्या वर होता. काही वर्षांत तो ७,००० टनांच्या आसपास आला. स्रोतावर वर्गीकरण, मोठ्या सोसायट्यांवरील सक्ती आणि राडारोड्याला आळा अशी कारणे त्यासाठी दिली गेली. मोजणीची शिस्त बदलली की शहराचा कचराही कागदावर बदलतो, हे त्यातून दिसते.

आकड्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न अधिकृतपणे मांडला तो २००८ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने काढलेल्या सेवास्तर मानकांच्या पुस्तिकेने. पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या सेवांसाठी तिने एकूण २८ निर्देशक दिले. त्यांपैकी ८ घनकचऱ्याचे होते. प्रत्येक उत्तराबरोबर माहिती किती भरवशाची आहे, याची अ ते ड अशी श्रेणीही लिहायची होती. प्रत्यक्ष मोजमापाला वरची श्रेणी आणि निव्वळ अंदाजाला खालची. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाच्या एका भागासाठी ही मानके राजपत्रात जाहीर करण्याची अट घातली, आणि आकड्यांचा संबंध थेट निधीशी आला. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने याच सुमारास सर्व शहरांची अशी माहिती दरवर्षी गोळा करण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था त्यात सहभागी होती.

८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम आले आणि जुने नियम रद्द झाले. या नियमांत साखळी आणखी खालून सुरू झाली. प्रक्रिया केंद्र किंवा क्षेपणभूमी चालवणाऱ्याने ३० एप्रिलपर्यंत नमुना ३ मध्ये पालिकेला माहिती द्यायची. पालिकेने ३० जूनपर्यंत नमुना ४ मध्ये राज्य मंडळ आणि नगरविकास विभाग किंवा नगरपरिषद प्रशासन संचालक यांना. राज्य मंडळाने ३१ जुलैपर्यंत नमुना ५ मध्ये केंद्रीय मंडळाला. आणि केंद्रीय मंडळाने ३१ ऑगस्टपूर्वी मंत्रालयांना. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकारचे वर्गीकरण बंधनकारक झाले आणि अहवालात त्याचाही हिशेब मागितला गेला.

हे नियम कागदावर किती राहिले, हे न्यायालयात उघड झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्राने राज्यांची माहिती असलेले ८४५ पानांचे प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयात सादर केले. ते अपुरे असल्याचे सांगून न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने ते दाखल करून घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर, घनकचरा धोरण न आखल्याबद्दल महाराष्ट्रासह काही राज्यांतील बांधकामांना न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घन आणि द्रव कचऱ्याच्या व्यवस्थापनातील त्रुटींसाठी महाराष्ट्राला सुमारे १२,००० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई सुनावली. अशा प्रकरणांत निर्माण होणारा कचरा आणि प्रक्रिया होणारा कचरा यांतील तफावत महत्त्वाची असते. पालिकेने भरलेला रकाना आता राज्याच्या तिजोरीला भारी पडू शकतो.

केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात रोज १,६०,०३९ टन कचरा निर्माण झाला, १,५२,७५० टन गोळा झाला, ७९,९५६ टनांवर प्रक्रिया झाली आणि २९,४२७ टन क्षेपणभूमीवर गेला. उरलेल्या ५०,६५५ टनांचा, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कचऱ्याचा, हिशेब लागला नाही. त्यातला सुमारे ७,३०० टन गोळाच झाला नव्हता. बाकीचा गोळा होऊन कुठे गेला हे अहवालांवरून सांगता येत नव्हते. सर्वांत जास्त, सुमारे २२,६०० टन कचरा महाराष्ट्रात निर्माण होत होता. २०१६ चे नियम जाहीर करताना केंद्राने देशाचा वार्षिक कचरा ६.२ कोटी टन सांगितला होता. २०११ च्या जनगणनेतील ३७.७ कोटी शहरी लोकसंख्येला दरडोई रोज ४५० ग्रॅमने गुणले की हाच आकडा येतो. पाच वर्षांनंतरचा अहवालांवरून काढलेला आकडा वर्षाला सुमारे ५.८ कोटी टन भरतो. दोन आकड्यांची जडणघडण वेगळी असल्याने त्यांतला फरक कचरा घटल्याचा पुरावा मानता येत नाही.

अहवालाबाहेर राहणारा एक मोठा भाग कचरावेचकांच्या हातून जातो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्यास सुरुवात केली. कागद, पत्रा आणि प्लास्टिक वेचून भंगारवाल्याकडे पोहोचवणारी ही माणसे क्षेपणभूमीचा भार कमी करतात. पण जो माल वजनकाट्यावर येतच नाही, तो पालिकेच्या टनांत धरला जात नाही. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना ओळख दिली असली तरी त्यांनी वाचवलेल्या मालाची नोंद बहुतेक शहरांत अपुरी आहे.

२०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर अहवालाची दुसरी वाट तयार झाली. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेले स्वच्छ सर्वेक्षण आणि २०१८ पासूनचे कचरामुक्त शहरांचे तारांकन यांसाठी पालिका केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर माहिती भरतात. प्रदूषण मंडळाकडे जाणाऱ्या अहवालात त्रुटी कबूल करणे अपेक्षित असते. क्रमांक आणि तारे मिळवण्याच्या अहवालात यश दाखवण्याकडे कल असतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात नोंदणी आणि अहवाल एकाच केंद्रीय संकेतस्थळावर आणण्याची तरतूद होती. पण माहिती भरण्याची जागा एक झाल्याने माहिती खरी होत नाही. कर, साथ, खत, न्यायालय आणि अनुदान यांपैकी जे ज्या काळी निकडीचे होते, त्याच्या गरजेने कचऱ्याचा आकडा घडत आला. त्याची सत्यता ठरते ती वॉर्डातल्या वहीत, डेपोच्या वजनकाट्यावर आणि घरातल्या वर्गीकरणात. ती तिथे नसेल, तर वरच्या कोणत्याही नमुन्यात ती सापडणार नाही.