रखमाचा खटला

गुप्तरोग दिला म्हणून कुणी कोर्टात खेचले, तर आजही लोक दचकतील. पण असा खटला मुंबई हायकोर्टापुढे १८८६ सालीच आला होता. आरोपी रखमा ही वेश्या. तिच्यापासून एका पुरुषाला उपदंश, म्हणजे लोकांच्या भाषेत गरमी, झाली होती. दंडसंहितेचे कलम २६९ निष्काळजीपणे रोग पसरवणाऱ्याला शिक्षा सांगते. ते रखमाला लागते का? कोर्ट म्हणाले, नाही; त्या पुरुषाच्या स्वतःच्या कृतीवाचून रोग लागलाच नसता. मात्र निरोगी असल्याचे खोटे सांगून त्याला राजी केले असेल, तर फसवणूक ठरू शकेल.

निवाडा तसा समंजस. पण घरातल्या बायकोचे काय? तिला नकाराची मुभा होती कुठे? इंग्लंडात क्लॅरन्स नावाच्या नवऱ्याने परमा लपवून बायकोला दिला. १८८८ साली तेरांपैकी नऊ न्यायाधीशांनी त्याची शिक्षा रद्द केली!

परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात. इथल्या हिंदू विवाहितेला वाट मिळाली ती १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि तीही घटस्फोटाची. त्यातही नवऱ्याचा रोग तीन वर्षांचा जुना हवा! ही अट १९७६ साली गेली. औषधपाण्याचा खर्च आणि भरपाई मागण्याची सोय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात झाली. लग्नाविना एका घरात नांदलेल्या पूर्वीच्या जोडीदारावरही बाईला परभणीच्याच न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. रखमाचे कलम २६९ भारतीय न्याय संहितेत २७१ झाले आहे. शिक्षा तीच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.