वसईचे दोन दरवाजे

युरोपातले एखादे जुने शहर एका दिवसात पायी हिंडून पाहावे, अशी हौस आपल्यापैकी पुष्कळांना असते. सकाळी वेशीतून आत शिरावे, चौक पाहावा, थोरले चर्च पाहावे, मठ, बाजार, धक्का असे एकेक पाहत संध्याकाळी पाण्याच्या काठी येऊन बसावे. ज्यांना लिस्बन किंवा रोम गाठता येते त्यांनी अवश्य जावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी मी आज एक जवळचे शहर सुचवणार आहे. ते युरोपीय लोकांनी वसवले, युरोपीय पद्धतीने बांधले आणि पुण्याहून गेलेल्या फौजेने जिंकले. ते शहर म्हणजे वसई.

आपण त्याला ‘वसईचा किल्ला’ म्हणतो आणि तिथेच थोडी फसगत होते. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिंहगड-राजगड येतात. तट, बुरूज, सदर, टाकी आणि शिबंदी एवढ्यात आपला किल्ला पुरा होतो. वसईच्या तटाच्या आत मात्र शंभरावर एकरांचे नगर होते. न्यायकचेरी, तुरुंग, दवाखाना, नगरसभा, बाजार, सरदारांचे वाडे, आणि एक प्रधान चर्च धरून निरनिराळ्या पंथांची चर्चे व मठ तिथे होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाचा कारभार इथूनच चालला. मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालचे एक बेट होते. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात इंग्लंडच्या राजाला १६६१ साली ते बेट आंदण मिळाले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण ते कोणत्या शहराच्या पदरातून गेले, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

हे शहर पाहायचे तर दिवस हिवाळ्याचा निवडावा. वसई रोड स्टेशनावर उतरून मोटारीने किल्ल्यापर्यंत यावे आणि तिथून पुढे पायी चालावे. शहराला दोन मुख्य दरवाजे आहेत, एक जमिनीकडचा आणि एक समुद्राकडचा. पाहणाऱ्याने जमिनीकडून आत शिरावे व समुद्राकडे बाहेर पडावे. हाच क्रम मी का सांगतो, ते शेवटी कळेल.

जमिनीकडच्या बाजूला पहिले थांबणे तटापाशी. या शहराच्या इतर बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. घोड्यावरच्या आणि पायदळाच्या फौजेला वाट एवढीच. बुरुजांना नावे सगळी साधुसंतांची. त्यांतल्या रेमेदियुस आणि सांव सेबाश्तियांव या दोन बुरुजांपाशी १७३९ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या इतिहासातली एक फार भयंकर झुंज झाली. मोहीम सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. १७३७ साली ठाणे आणि साष्टी घेतली होती. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग फेब्रुवारीत वसईला वेढा बसला. चिमाजी आप्पांबरोबर मल्हारराव होळकर होते, राणोजी शिंदे होते. समुद्राकडून मानाजी आंगरे होते. ज्यांच्या आग्रहाने ही मोहीम निघाली ते अंजूरचे गंगाजी नाईकही होते. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली गेली, धर्मावर जुलूम झाला, वतने गेली. त्या जाचाला कंटाळून तिथल्याच लोकांनी पुण्याला हाक घातली होती.

तटाखाली सुरुंग खणले, उडवले, खिंडारे पाडली. वरून तोफा, बंदुका, हातबाँब आणि पेटते लाकूड कोसळत होते, तरी माणसे चढत राहिली. माझे शीर तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका, असे आप्पा म्हणाल्याची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्या खरेखोटेपणात न शिरता एवढे म्हणता येते की, खिंडारापाशी उभे राहिल्यावर ती का निर्माण झाली असेल हे समजते. आपली माणसे हजारोंनी पडली. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी तह मागितला आणि आठवड्याने, २३ मे रोजी, शहर मराठ्यांच्या हाती आले. तहाच्या अटी उदार होत्या. शिबंदीने मानाने, बायकामुले आणि चीजवस्त घेऊन निघून जावे. मागे राहतील त्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. एवढे रक्त सांडल्यावर जिंकणाऱ्याने कत्तल केली नाही. पुण्याने या मोहिमेचा अभिमान बाळगायचा तर तो या गोष्टीचाही बाळगावा.

इथून आत शहरात चला. मधोमध एक छोटा कोट लागतो. तो पोर्तुगीजांच्या पहिल्या दिवसांतला. त्याच्यापुढे मोकळा चौक. या चौकात उभे राहून पुण्याशी ताडून पाहिले तर दोन नगरांतला फरक लगेच कळतो. आपले पेशवाईतले पुणे पेठेपेठेने वाढले. वाडा, हौद, देऊळ, बाजार, की झाली नवी पेठ. त्याभोवती तट नव्हता. वसई मात्र आधी तटाने आखली, मग आत भरली. दर पंथाचे आपले आवार, आपले चर्च, आपला मठ. जेझुइटांचे चर्च, डोमिनिकनांचे सांव गोन्सालूचे, फ्रान्सिस्कनांचे सांतो आंतोनियुचे. या शेवटच्या चर्चमध्ये जमिनीवर कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. छप्पर केव्हाच गेले आहे. जपून चालावे; शिळांवरची नावे आणि ढाली अजून दिसतात. कोणी कप्तान, कोणाची बायको, कोणाचे मूल. मायदेशापासून हजारो कोस दूर येऊन ही माणसे इथे मेली.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत बरीच शाबूत आहे. दगडी खांब, वर कमानी, सगळे घाट युरोपातले, दगड मात्र इथला. वसईचा चांगला घडीव दगड गोव्यापर्यंत बांधकामाला जाई. या पाद्र्यांच्या शाळेत एक मुलगा शिकला. बाप पोर्तुगीज, आई इथली. गोन्सालो गार्सिया त्याचे नाव. तो पुढे जपानात गेला आणि १५९७ साली नागासाकी येथे त्याला क्रुसावर मरण आले. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. वसईच्या एका वर्गातून जपानपर्यंत वाट जात होती, हे इथे आठवावे.

आता समुद्राकडे वळू. प्रधान चर्चचा उंच मनोरा दुरूनच दिसतो. १६०१ साली ते वाढवून बांधल्याचा लेख तिथे होता. अशा मनोऱ्यांतून लटकलेल्या घंटांचे काय झाले, ते आपल्याकडच्या देवळांत पाहावे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची प्रचंड घंटा १७२१ ची आहे; मेणवलीची १७०७ ची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. विजयाची खूण म्हणून वसईच्या मोहिमेत त्या आल्या आणि देवापुढे वाजू लागल्या. ही मोठी गंमतीची गोष्ट आहे आणि आपण ती आवडीने सांगतो. मात्र त्या शहरातून आणखी काय आणण्यासारखे होते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर समुद्र-दरवाजापाशी आहे. हा दरवाजा ओलांडला की खाडी, कोळ्यांच्या होड्या, मासळीचा वास. या धक्क्यावरून गलबते गोव्याला, मस्कतकडे, आफ्रिकेला जात. शहराचे पोट याच दरवाजावर भरत असे. पुण्याने वसई जिंकली तेव्हा एक बलदंड किल्ला तर मिळालाच, पण देशावरच्या सत्तेला एक समुद्राचे दारही मिळाले. पेशव्यांना याची अगदीच जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसईला आरमाराचा सुभा ठेवला होता. परंतु त्याच पेशव्यांनी १७५६ साली इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंगऱ्यांचा विजयदुर्ग पाडला आणि मराठी आरमाराचा सर्वांत बळकट भाग तिथे जळून गेला. तुळाजीचा उद्दामपणा खरा. त्याचा बंदोबस्त करायला परके आरमार बोलवावे लागले, ही त्याहून मोठी गोष्ट.

या काळात मुंबईकर इंग्रज काय करीत होते? १७३९ साली वसईच्या पोर्तुगीजांनी मदत मागितली तेव्हा त्यांनी चर्चची चांदी आणि तोफा तारण घेऊन थोडे कर्ज दिले. वसई पडताच त्यांनी चिमाजी आप्पांकडे वकील पाठवून व्यापाराचा करार केला. आणि मराठे उद्या मुंबईवरही येतील या धास्तीने किल्ल्याभोवती खंदक खणायला घेतला. त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी जमवली. वसईच्या पाडावातून धडा घेणारा पक्ष जिंकणाराही नव्हता आणि हरणाराही नव्हता. खाडीपलीकडून पाहणारा तिसराच तो धडा शिकला. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली. सालबाईच्या तहाने १७८२ साली ती परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

आणि मग १८०२ साल. २५ ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून महाडला, तिथून सुवर्णदुर्गाला आणि डिसेंबरात इंग्रजांच्या जहाजातून वसईला आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई मुक्कामी त्यांनी तह केला. इंग्रजांच्या सहा हजार पायदळाची फौज कायमची पदरी घ्यावी, तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा, इतर सत्तांशी बोलणे कंपनीला विचारून करावे. पेशव्यांचे राज्य १८१८ साली बुडाले असे आपण म्हणतो. त्याचे स्वातंत्र्य त्या रात्रीच वसईत संपले होते.

चुलत आजोबांनी हजारो माणसांच्या प्राणांनी जमिनीकडून जे शहर घेतले, त्या शहरात त्रेसष्ट वर्षांनी नातू समुद्राकडून, परक्याच्या जहाजातून आला. एकट्या दुसऱ्या बाजीरावाला दोष देऊन आपण मोकळे होतो. वसईत चालत गेलेल्या माणसाला मात्र वाटत राहते की, त्रेसष्ट वर्षांत मराठी जहाजांनी हे दार गजबजलेले असते, तर पेशव्याला परक्याच्या जहाजाची गरज पडली नसती. वसईत दोन्ही दरवाजे एकाच दिवशी पाहिले म्हणजे हा विचार टाळता येत नाही.

एक गोष्ट मात्र त्या तहाने टिकवली आणि तिचा उल्लेख केल्यावाचून थांबता येत नाही. १७३९ साली ज्यांना धर्माची मोकळीक दिली, त्यांचे वंशज आजही वसईच्या वाड्यांत राहतात आणि घरी मराठीच्याच बोली बोलतात. त्यांच्यातलेच एक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, २०२० साली भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. वसईची माणसे मराठीत प्रार्थना करीत राहिली आणि मराठीत लिहीत राहिली.

तेव्हा वसईला एकदा अवश्य जा, आणि पायी हिंडा. जाण्याआधी आपल्या ओंकारेश्वरावर नदीकाठी चिमाजी आप्पांची समाधी आहे, ती पाहून जा. वसईनंतर सुमारे दीड वर्षाने, डिसेंबर १७४० मध्ये, ते वारले. आपण रोज तिच्यावरून जातो. त्या माणसाने जिंकलेले शहर मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे.